चंदीचा हिशेब

नांदेड जिल्ह्यात माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा घोड्यांचा बाजारही भरतो. गिऱ्हाईक चाल पाहते, दात पाहते. घोड्यापुढे धरलेल्या ओंजळीकडे कोणी पाहत नाही. तीत भिजवलेले हरभरे असतात, वर लाडाचा गुळाचा खडा. हरभऱ्याच्या या खुराकास जुने लोक चंदी म्हणत.

१६७० नंतरच्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील लष्करास पत्राने बजावले, की दाणावैरण बेताने वापरा. आज उधळाल तर पावसाळ्यात घोडी मरतील आणि तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल. तोबऱ्यामागची रयतेची चूल राजाला दिसली होती.

हा बेत घोड्याच्याही हिताचा. त्याला ओकारी होत नाही. दाणा अधिक झाला तर तो पोटशूळाने तडफडतो. म्हणून चारा मुख्य, चंदी मापाची, गूळ नावापुरता. शालिहोत्राच्या नावे अश्वविद्येचे ग्रंथ आहेत. पण रोजची मूठ मोजणारा हात मोतद्दाराचा. बखरींत स्वार आले, तो क्वचितच आला.

लातूरच्या अडतीवर हरभऱ्याची पोती पाहिली, की पिकवणारा, वाहणारा हमाल आणि तो मोतद्दार मला एका रांगेत दिसतात. श्रोतेहो, दाणा कोणाच्या कष्टाचा, हे विचारल्यावाचून घोडदळाचा इतिहास पुरा होत नाही.