१७ ऑक्टोबर : अभिनेत्री स्मिता पाटील यांचा जन्म (१९५५)

वडील शिवाजीराव राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात; पुण्यात जन्मलेल्या स्मिताच्या घरात सिनेमा असा नव्हताच. मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या वाचायची. अंगात जीन्स असायची. बातम्यांची वेळ झाली, की त्यावरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची. पडद्यावर कळतंय कुणाला! श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं ते याच काळात. ‘चरणदास चोर’ (१९७५), ‘निशांत’, ‘मंथन’ आणि मग ‘भूमिका’ (१९७७). अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथेवर बेतलेल्या या चित्रपटासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही ऐन विशीत. त्याच साली ‘जैत रे जैत’ आला. पुरस्कार ‘भूमिका’ला असला, तरी मराठी माणसाच्या मनात आधी येते ती ‘जैत रे जैत’मधली तिची चिंधीच.