गीतरामायण
वाल्मीकिरामायणावर आधारलेली ५६ मराठी गीतांची मालिका. कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. पुणे आकाशवाणीवरून १९५५–५६ मध्ये दर आठवड्याला एक नवे गीत याप्रमाणे ती प्रसारित झाली. आकाशवाणीचे अधिकारी सीताकांत लाड यांची प्रेरणा तिच्यामागे होती. कुश-लव श्रीरामांपुढे रामचरित्र गातात, अशी तिची चौकट आहे. कौसल्या, दशरथ, भरत, सीता आदी पात्रे आपापल्या गीतांतून मनोगत मांडतात. त्यामुळे महाकाव्यातील प्रसंगांना भावगीताची आत्मीयता लाभली. रागाधारित, प्रसंगानुरूप चाली आणि माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे प्रभृतींचे गायन यांमुळे ती घरोघरी पोहोचली. हिंदीसह अनेक भारतीय भाषांत तिचे अनुवाद झाले. अभिजात साहित्य लोकांच्या ओठी रुजवणारी ही मराठीतील श्रेष्ठ गीतरचना होय.