झेंड चौकटीतील घटकनिहाय विन्यास

पीएचपी भाषेतील जालीय अनुप्रयोगाच्या प्रत्येक मॉड्यूलला (घटकाला) लागणारी मार्ग, पृष्ठमांडणी, विदागाराचा पत्ता यांसारखी मूल्ये आज्ञावलीबाहेर नोंदवून ती योग्य वेळी त्या घटकास पुरविण्याची पद्धती. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ही भाषा प्रसृत केली, तेव्हा ती व्यक्तिगत पृष्ठांसाठी केलेल्या साधनांच्या रूपात होती. लहान संकेतस्थळास एकच सामाईक फाइल पुरे असे. अनुप्रयोग विस्तारले आणि त्यांचे घटक निरनिराळे गट रचू लागले, तेव्हा कोणते मूल्य कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न उद्भवला.

फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सिंफनी चौकटीने प्रकल्प, अनुप्रयोग व मॉड्यूल अशी उतरती श्रेणी स्वीकारली. जो स्तर अधिक मर्यादित, त्याचे मूल्य ग्राह्य धरले जाई. झेंड चौकटीच्या २००७ मधील पहिल्या आवृत्तीची वाटचाल निराळी झाली. झेंड हे नाव झेव सुरास्की व अँडी गटमन्स यांच्या नावांवरून आले आहे. या चौकटीत सर्व अनुप्रयोगासाठी एकच आयएनआय फाइल ठेवण्याचा प्रघात होता. तिच्यातील चाचणीचा विभाग प्रत्यक्ष वापराच्या विभागाची मूल्ये वारशाने घेई. १.८ या आवृत्तीत (२००९) प्रत्येक मॉड्यूलला स्वतःचा बूटस्ट्रॅप (प्रारंभक) वर्ग देता येऊ लागला.

मॉड्यूलचा प्रारंभक त्या मॉड्यूलला मागणी आल्यावरच चालत असेल, असा समज साहजिकच होई. वस्तुतः प्रत्येक मागणीच्या वेळी सर्व मॉड्यूलांचे प्रारंभक चालत, आणि तेही मार्गनिश्चितीपूर्वी. म्हणजे मागणी कोणत्या मॉड्यूलकडे जाणार, हे ठरण्याआधीच. परिणामी व्यवस्थापकीय विभागासाठी ठरविलेली पृष्ठमांडणी सार्वजनिक पानांवरही उमटे. मार्गनिश्चितीनंतर मॉड्यूलचे नाव पाहून मूल्ये बदलणारा प्लगिन लिहिणे, हा त्यावरील रूढ उपाय होय. मात्र तो ज्याने त्याने आपापल्या रीतीने केल्याने दुसऱ्याचा अनुप्रयोग समजून घेणे कष्टाचे झाले.

सप्टेंबर २०१२ मधील दुसऱ्या आवृत्तीने ही रचना मुळापासून बदलली. प्रत्येक मॉड्यूलचा वर्ग आपला विन्यास सारणीच्या रूपात परत करतो आणि मॉड्यूल-व्यवस्थापक यादीतील क्रमाने सर्व सारण्या एकत्र विलीन करतो. शब्दरूप कळ समान असल्यास नंतरचे मूल्य आधीच्यास बाद करते. अंकरूप कळींची मूल्ये मात्र शेवटी जोडली जातात. त्यानंतर अनुप्रयोगाच्या सार्वत्रिक व स्थानिक फाइली वाचल्या जातात. त्यामुळे दुसऱ्याने रचलेल्या मॉड्यूलला हात न लावता त्याचे मूल्य बदलता येते. परवलीचे शब्द स्थानिक फाइलीत ठेवून ती आवृत्ति-नियंत्रणातून वगळतात. व्यवहारात या योजनेचा हाच सर्वांत मोठा लाभ मानावा लागेल.

तथापि विलीनीकरण म्हणजे विलगीकरण नव्हे. अखेरीस सारणी एकच असते आणि दोन मॉड्यूलांनी एकच कळ योजल्यास संघर्ष अटळ असतो. म्हणून कळीस मॉड्यूलचे नाव देण्याचा संकेत रूढ झाला. वेगासाठी विलीन सारणी साठवून ठेवता येते. परंतु पीएचपी ५.३ मध्ये (२००९) आलेली अनामिक फलने तीत साठवता येत नाहीत. त्यांच्या जागी स्वतंत्र वर्ग योजावे लागतात. साठवण पुसली नाही, तर केलेला बदल लागूही होत नाही आणि दोष शोधणारा भलत्याच फाइलीत गुंतून पडतो.

ही चौकट लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नेण्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले व ती लॅमिनास या नावाने पुढे चालू राहिली. विन्यासाची पद्धती तीच राहिली. मात्र वर्गांची नावे व काही कळी बदलल्याने जुन्या मॉड्यूलांचा विन्यास नव्या नावांत रूपांतरित करणारा एक सेतू-संच पुरविण्यात आला.