शूल्य मांस आणि मानसोल्लास

सळईवर ओवलेलें मांस निखाऱ्यावर भाजण्याची रीत मुसलमानी अमदानींत दक्षिणेंत आली, असा समज आढळतो. ‘कबाब’ व ‘सीख’ हे शब्द फारशींतून आले, एवढाच त्यास आधार. आम्हांस तो पुरेसा वाटत नाहीं.

शुळावर भाजलेल्या पदार्थाचें ‘शूल्य’ हें रूप पाणिनीनें (४.२.१७) सिद्ध केलें आहे, अमरकोशांत ‘भटित्र’ हा त्याचाच पर्याय दिला आहे. महाराष्ट्रास निकटचा पुरावा कल्याणीचा. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासां’त शके १०५१ (इ. स. ११२९) चा उल्लेख असून, अन्नभोगाच्या प्रकरणांत शुळावरील मांसास ‘भडित्रक’ म्हटलें आहे. अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तो १२९६ सालीं. त्यापूर्वीं दीडशेंहून अधिक वर्षें ही कृति राजाच्या ताटांत होती. तेव्हां शब्द परका म्हणून कृतिही परकी, हें अनुमान टिकत नाहीं.

राजनीतीसोबत स्वयंपाकही लिहून ठेवला गेला व श्रीगोंदेकरांनीं तो भाग १९३९ सालीं बडोद्यास छापविला, म्हणून हा निर्णय करितां आला. उलटपक्षीं सनदा जपणारे संग्राहक मुदपाकखान्याच्या यादी रद्दींत टाकतात. १९९९ सालीं भंडाऱ्यांतून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत, जुन्या मालगुजारी वाड्यांचीं दप्तरें चाळतांना असे कागद बाजूस सारूं नयेत, अशी आमची विनंति आहे.