तीन पौंड साखर

साल १२२६. तुम्ही इंग्लंडात आहात आणि राजा तिसरा हेन्री विंचेस्टरच्या महापौराला निरोप धाडतोय: जत्रेतल्या व्यापाऱ्यांकडून अलेक्झांड्रियाची तीन पौंड साखर घ्या, एकदम एवढी मिळत असेल तर! दीड किलोसुद्धा नाही. आपल्याकडे बारशाच्या चहालाच एवढी उडते.

‘शुगर’चा माग काढत मागे निघा. फ्रेंच ‘सुक्र’, अरबी ‘सुक्कर’, फारसी ‘शकर’. पहिल्या शतकातल्या रोममध्ये लेखक प्लिनी सांगतो की हा पदार्थ अरबस्तानातही होतो, पण भारतातला अधिक चांगला; तो दाताखाली कुडकुडतो, मोठ्यात मोठा खडा हेझलनटाएवढा आणि वापर फक्त औषधापुरता.

अजून मागे. आता तुम्ही उत्तर भारतातल्या चुलाणासमोर आहात. धुराने डोळे चुरचुरतायत. उसाचा रस आटतो, मळी वर येते, ती काढायची, पुन्हा ढवळायचं. पाक थंड होऊन निथळला की तळाशी खरखरीत कण उरतात. बोटांत चोळून बघा: मुरूमच! नाव आयतंच होतं, शर्करा, म्हणजे बारीक खडी. पाणिनीने हा शब्द वाळूच्या जोडीनेच घेतलाय. पुढे मलबारात त्याचं ‘चक्करा’ झालं, पोर्तुगीजांनी ते उचललं आणि इंग्रजांच्या हाती ‘जॅगरी’ लागली. म्हणजे इंग्रजीत गूळ आणि साखर सख्खी भावंडं.

आता बीडला या. दिवाळी उरकलीय. धारूरच्या बालाघाट डोंगरांत खडी हवी तेवढी, पाणी नाही. म्हणून इथली माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल पावसाळ्यातच खर्च झालीय, ती आता टनावर फेडायची. पहाटेच्या फडात पाचट दवाने ओलं असतं, पात्यांनी हात चिरतात. नवरा बुडख्यावर घाव घालतो, वाडं छाटतो. बायको मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून तोल सांभाळत वर चढते. मुकादमाच्या वहीत दोघांची नोंद मिळून एकच: एक कोयता. मजुरीही बहुधा नवऱ्याच्याच हातात पडते.

मला या सगळ्या प्रवासात हाच हिशेब खुपतो. राजाच्या तीन पौंडांची नोंद आठशे वर्षं टिकली. इथे अख्खी बाई अर्ध्या कोयत्यात बसवलीय. ट्रक लागलाय, मुकादम ओरडतोय. चुंबळ घ्या डोक्यावर.