बावटा आणि आम्ही

‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ ही बातमी कानांवर आली म्हणजे पनवेलचा मनुष्य एकवार आभाळाकडे पाहतो, ‘असले पुष्कळ पाहिले’ असे म्हणतो आणि पिशवी घेऊन बाजाराला निघतो. या बेफिकिरीला नावे ठेवणे सोपे आहे. पण ती अज्ञानातून आलेली नाही. चार महिने कोसळणाऱ्या पावसात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या अनुभवातून ती आलेली आहे. म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे असे आम्हांस वाटते.

बावटा हा शब्द एके काळी आमच्या घरचा होता. मुंबईहून पुण्याला जायचे तर मचव्याने खाडीतून पनवेल गाठावे आणि पुढे घाट चढावा, असा प्रघात होता. बोरघाटाची गाडीवाट १८३० साली खुली झाली, तेव्हा पनवेल बंदर गजबजलेले होते. १८६३ साली घाटातून रेल्वे गेली, वाहतूक तिकडे वळली आणि खाडीही हळूहळू आमच्या नजरेआड झाली. पूर्वी वाऱ्याची वार्ता हा येथील व्यापाऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता. पुढे ती ‘कोळ्यांसाठीची बातमी’ होऊन बसली.

इशाऱ्याची ही व्यवस्था फार मोठी किंमत देऊन उभी राहिली आहे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या वादळात हजारो माणसे मेली. त्यानंतर बंदरांना आगाऊ सूचना देण्याचे प्रयत्न सुरू झाले आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. बंदरावरच्या खुणा एकूण अकरा. दिवसा डोलकाठीवर शंकूच्या व पिंपाच्या आकाराच्या खुणा चढतात, रात्री लाल-पांढरे दिवे लागतात. लोकांच्या तोंडी हे सारे म्हणजे ‘बावटा’च. तिसरी खूण सांगते की, बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याचा संभव आहे. ‘संभव आहे’ एवढेच ती सांगते. आम्ही मात्र तिच्याकडून वचनाची अपेक्षा करतो, आणि वारा आला नाही की तिला खोटे ठरवतो.

वारा पुष्कळदा येत नाही, हेही खरे. अरबी समुद्रात उठलेली बहुतेक वादळे पश्चिमेला अरबस्तानाकडे जातात किंवा वळून गुजरातेकडे वळतात. कोकण त्यांच्या वाटेवर क्वचितच येते. २०१९ च्या जूनमध्ये ‘वायू’ आले आणि बाजूने निघून गेले. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास ‘क्यार’ आणि पाठोपाठ ‘महा’ आले, तेही गेले. दर वेळी बावटा लागला, दर वेळी उतरला. मग ऐकणाऱ्याचा कान निबर झाला तर नवल काय?

त्यात लोकस्मृतीची गंमत निराळीच. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला खऱ्याखुऱ्या चक्रीवादळाने झोडपले. आज त्याची आठवण कितीजणांना आहे? उलट जून १८८२ मध्ये मुंबईत वादळाने एक लाख माणसे मेली, असे कित्येक याद्यांतून छापले गेले आहे. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. दर आठांतला एक मनुष्य मेला असता, तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी आकांत मांडला असता. शोधणाऱ्यांना तेथे तसे काहीच सापडले नाही. घडलेले विसरावे आणि न घडलेले लक्षात ठेवावे, अशी ही स्मृती! तिच्या भरवशावर छपराखाली बसून राहावे काय?

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ मात्र वळले नाही. ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वाऱ्याने ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. किनाऱ्यावरची हजारो माणसे आधीच हलविली होती, म्हणून प्राणहानी थोडकी झाली. पनवेलीत झाडे पडली, वीज गेली. आणि दुसऱ्या दिवशी आम्हीच म्हणू लागलो, ‘एवढे काही झाले नाही!’ वर्षही पुरे झाले नाही तोच १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या समुद्रातून गेले. तीन दिवस आधीपासून इशारे होते. तरी पी-३०५ ही बार्ज २६१ माणसांसह खोल समुद्रातच राहिली आणि बुडाली. सत्तरच्या आसपास माणसे परत आली नाहीत.

आमची चूक कोठे होते? पावसाची सवय ती वाऱ्याचीही सवय, असे आम्ही धरून चालतो. आमची घरे पावसासाठी बांधलेली आहेत: उतरते छप्पर, पुढे आलेली पडवी. पावसाला ती पुरून उरतात. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि पागोळ्या दूर टाकणारी तीच पुढे आलेली कड वाऱ्याला पत्रा उचलायला हाताशी सापडते. २६ जुलै २००५ च्या महापुरातून आम्ही निभावलो, हे वादळातून निभावण्याचे प्रमाणपत्र नव्हे.

ही खोड आमचीच आहे असेही नाही. अमेरिकेत वावटळींच्या मुलखात जॉप्लिन नावाचे शहर आहे. २२ मे २०११ रोजी तेथे वावटळ येण्याच्या सुमारे वीस मिनिटे आधी भोंगा वाजला. नेहमीचाच भोंगा म्हणून पुष्कळांनी लगेच आसरा घेतला नाही. दीडशेहून अधिक माणसे गेली. उलट ओरिसाचे पाहा. १९९९ च्या वादळात तेथे सुमारे दहा हजार बळी पडले. २०१३ साली ‘फायलीन’ आले तेव्हा लाखो लोक आधीच निवाऱ्यात पोहोचले होते, आणि बळींची संख्या शंभराच्या आतच राहिली. तेथेही समुद्र तोच होता, माणसेही तीच होती. बदल झाला तो एवढाच की, एकदा जवळचे गेल्यावर तेथील लोकांनी इशारा आपल्यासाठी आहे असे मानले.

तेव्हा बावटा दहा वेळा लागून दहा वेळा उतरला, तर आपण दहा वेळा फसलो असे समजू नये. प्रत्येक खेपेस पत्रा बांधण्याला, गच्चीवरच्या कुंड्या उतरवण्याला, म्हाताऱ्या शेजाऱ्याची चौकशी करण्याला एक तास जातो. दहा तास म्हणजे एका पावसाळ्यातल्या गप्पांइतकेही नव्हेत. अकराव्या खेपेस काय येणार आहे, हे बावट्यालाही ठाऊक नसते. आपण तेवढे तयार असावे.