वय वाढलं की बॉक्सरचं नेमकं काय मंदावतं?

२९ जुलै २०२१. टोकियो ऑलिम्पिक, महिलांचा ५१ किलो गट, उपउपांत्यपूर्व फेरी. भारताच्या मेरी कोमसमोर कोलंबियाची इंग्रिट व्हॅलेन्सिया. पहिला राउंड पाचपैकी चार पंचांनी व्हॅलेन्सियाला दिला. दुसरा राउंड मेरीने ३-२ असा घेतला आणि तिसराही ३-२ असाच. म्हणजे तीनपैकी दोन राउंड तिचे. तरीही लढत ती हरली, कारण पहिल्या राउंडमध्ये पडलेलं अंतर शेवटपर्यंत भरून निघालं नाही.

मेरी तेव्हा ३८ वर्षांची होती, व्हॅलेन्सिया ३२ वर्षांची. या ऑलिम्पिकसाठी मेरीने पुण्यात घाम गाळला होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीतलं महिला बॉक्सिंग शिबिर बंद पडलं आणि ती पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सरावाला आली. ऑलिम्पिक पदकं डोळ्यांसमोर ठेवून लष्कराने २००१ मध्ये ही संस्था उभी केली. इथे मिसरूडही न फुटलेली मुलं सराव करतात आणि देशाचे अव्वल बॉक्सरही.

त्या एका पराभवाचं खापर निव्वळ वयावर फोडणं चुकीचं ठरेल. एखाद्या पंचाचा कौल इकडचा तिकडे झाला असता, तर निकाल उलटा लागला असता. पण ही लढत ज्या पद्धतीने गेली, म्हणजे सुरुवात मागे आणि शेवट पुढे, तो नमुना वय झालेल्या अनेक मोठ्या बॉक्सरांच्या बाबतीत दिसतो. त्यामागे शरीराचं काही गणित आहे.

हात मंद होतो की डोकं?

सर्वसाधारण समज असा की वय झालं की हाताचा वेग जातो. प्रत्यक्षात एकटा, ताजातवाना ठोसा मारायचा असेल तर पस्तिशीतला बॉक्सरही तो बराच वेगाने मारतो. झटपट आकुंचन पावणारे स्नायूतंतू वयानुसार कमी होतात हे खरं, पण नियमित सराव करणाऱ्यांमध्ये ही घट तिशीत फार मोठी नसते. ती जाणवते ती पन्नाशीनंतर.

आधी घसरतो तो निर्णयाचा वेग. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत निरोगी तरुण माणसालाही साधारण ०.२ सेकंद लागतो. चांगल्या बॉक्सरचा जॅब जवळपास तेवढ्याच वेळात, कधी त्याआधीच तोंडावर येऊन आदळतो. थोडक्यात, ठोसा निघालेला बघून मग तो चुकवायचा, हे तरुणालाही जमत नाही. तो समोरच्याचा खांदा, कंबर, पुढच्या पायावर आलेला भार वाचतो आणि ठोसा निघायच्या आधीच हलतो.

वयाचा परिणाम इथे होतो. २०१४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी 'स्टारक्राफ्ट २' हा वेगवान कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या खेळाचा अभ्यास केला. नवी परिस्थिती दिसल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ वयाच्या २४व्या वर्षापासूनच हळूहळू वाढताना दिसला. गेम आणि रिंग एक नव्हे, पण रिंगमध्ये शतांश सेकंदाचीही किंमत मोजावी लागते. हाच ठोसा दहा वर्षांपूर्वी गालाला घासून गेला असता, आता तो हनुवटीवर बसतो.

दमही लागतो

हृदयाचे कमाल ठोके वयाबरोबर कमी होतात, आणि सराव करून ते थांबवता येत नाही. सर्वसाधारण अंदाजाचं एक सूत्र आहे: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करा. विशीतल्या बॉक्सरसाठी ते १९४ येतं, ३८ वर्षांच्या बॉक्सरसाठी साधारण १८१. इंजिनाची वरची मर्यादाच खाली आली की एकामागून एक ठोशांची सरबत्ती करून पुन्हा श्वास सावरायला जास्त वेळ लागतो. दोन कठीण सरावांमधली विश्रांतीही वाढवावी लागते.

पण वय म्हणजेच दम, असंही नाही. त्याच टोकियोत, ३१ जुलैला, लष्कराचा २५ वर्षांचा अमित पंघाल पहिला राउंड ४-१ ने जिंकून पुढे होता. समोरचा युबेर्जेन मार्टिनेझ २९ वर्षांचा. त्याने ठोशांचा असा मारा लावला की पुढचे दोन्ही राउंड अमितच्या हातून गेले. तब्येत, तयारी, वजन उतरवण्याचा ताण आणि समोरच्याची शैली हे सगळं वयाच्या आकड्यापेक्षा भारी पडू शकतं.

मग पंचेचाळिशीत विश्वविजेते कसे होतात?

५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनने २६ वर्षांच्या मायकेल मूररला हरवून हेवीवेट किताब परत मिळवला. नऊ राउंडनंतर फोरमन तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर मागे होता. दहाव्या राउंडमध्ये त्याचा उजवा हात लागला आणि लढत संपली. ताकद वेगापेक्षा जास्त टिकते, याचं याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही. वजनदार गटांत बॉक्सर उशिरापर्यंत टिकतात आणि हलक्या गटांत, जिथे सगळा खेळ वेगाचा, तिथे लवकर उतरणीला लागतात, ते म्हणूनच.

बर्नार्ड हॉपकिन्सची गोष्ट आणखी वेगळी. २०११ मध्ये ४६व्या वर्षी त्याने जाँ पास्कलला हरवलं आणि फोरमनचा वयाचा विक्रम मोडला. त्याच्याकडे फोरमनसारखा ठोसा नव्हता. तो लढतीची गती मुद्दाम संथ ठेवायचा, कमी ठोसे मारायचा, संधी मिळाली की मिठी मारायचा आणि समोरच्याला लय सापडूच द्यायचा नाही.

याउलट रॉय जोन्स ज्युनियर. हात खाली सोडून, निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेच्या जोरावर ठोसे चुकवणारा, त्याच्या काळातला सर्वात चपळ बॉक्सर. मे २००४ मध्ये, ३५व्या वर्षी, अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच राउंडमध्ये आडवं केलं. ज्याची ढाल म्हणजे त्याचा वेगच, त्याचा वेग थोडा कमी झाला तरी मागे दुसरी ढाल नसते.

फोरमन आणि हॉपकिन्स यांच्याकडे एक गोष्ट होती जी मेरीकडे नव्हती: वेळ. व्यावसायिक किताबाची लढत १२ राउंडची. अनुभवी माणूस सुरुवातीचे राउंड समोरच्याला वाचण्यात घालवू शकतो. ऑलिम्पिकमध्ये तीन मिनिटांचे तीनच राउंड. वाचून होईपर्यंत एक तृतीयांश लढत संपलेली असते.

मेरीनेही अनुभवाचा पुरेपूर वापर केला होता. वयाची पस्तिशी ओलांडल्यावर, २०१८ मध्ये दिल्लीत, तिने सहावं विश्वविजेतेपद मिळवलं. तिथे हॅना ओखोटाविरुद्धचा अंतिम सामना ५-० असा एकतर्फी होता. टोकियोच्या पहिल्या फेरीतही तिने तिच्याहून सुमारे १५ वर्षांनी लहान मिगेलिना हर्नांडेझला ४-१ ने हरवलं.

वय की खाल्लेले ठोसे?

बॉक्सरचं वय दोन घड्याळांवर मोजावं लागतं. एक जन्मतारखेचं आणि दुसरं डोक्यावर बसलेल्या ठोशांचं. दुसऱ्यात फक्त लढती नाहीत, सरावातले हजारो ठोसेही येतात. दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो: उशिरा सुचणं, तोल जाणं, हालचाल अडखळणं. त्यामुळे नेमकं कारण कोणतं, हे बाहेरून ओळखणं अवघड.

२ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांचा मुहम्मद अली लॅरी होम्सविरुद्ध उतरला. लढतीआधी मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या तपासणीत बोट नाकाला लावणं, एका पायावर उड्या मारणं अशा साध्या गोष्टींत तो थोडा अडखळल्याची नोंद होती. तरी त्याला परवाना मिळाला. दहा राउंड मार खाल्ल्यावर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. चार वर्षांनी पार्किन्सन्सचं निदान जाहीर झालं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगभर लागू असलेली एकच वयोमर्यादा आजही नाही. म्हणून तर नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उभा राहू शकला. राउंड दोन मिनिटांचे, ग्लोव्हज नेहमीपेक्षा जड. आठ राउंडमध्ये टायसनने ९७ ठोसे मारले, त्यातले १८ लागले. पॉलचे ७८ लागले.

ऑलिम्पिकच्या वाटेवरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र ४० वर्षांची मर्यादा आहे. मेरी जून २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत पहिल्याच राउंडमध्ये गुडघा दुखावून बाहेर पडली. जानेवारी २०२४ मध्ये तिने सांगितलं की खेळण्याची भूक अजून आहे, पण वयाच्या नियमामुळे या स्पर्धांत उतरता येत नाही.